डेट्टिफॉस: झाड नाही, पाऊस बेताचा, मग एवढं पाणी येतं कुठून?

प्रश्न असा आला आहे: "आइसलँडच्या ईशान्येकडच्या डेट्टिफॉस धबधब्याचे व्हिडिओ पाहिले. आजूबाजूला नजर जाईल तिथवर काळा-राखाडी दगड. झाड सोडाच, गवताची काडीही दिसत नाही. पाऊसही तिथे कमीच म्हणे. मग एवढं पाणी येतं कुठून, आणि ते सिमेंट कालवल्यासारखं का दिसतं? आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, तर मग आपल्याकडे असा धबधबा का नाही? जूनअखेरीस आई-वडिलांना घेऊन जाणार आहोत. पूर्वेच्या बाजूने बघावा की पश्चिमेच्या?"

मी भूविज्ञानातला माणूस. आयुष्य बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडावर, गेलं, त्यातलं बरंचसं सह्याद्रीत आणि काही आइसलँडमध्ये. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

डेट्टिफॉससमोर उभं राहिलं की कुणालाही वाटतं, हे पाणी हजारो वर्षं रात्रंदिवस कोसळतंय, त्यानेच दगड झिजवून खालची खोल घळई कोरली असणार. पण तसं झालेलं नाही. ती घळई मोजक्या महापुरांनी तासा-दिवसांच्या हिशेबात फोडून काढली, आणि आज दिसणारा धबधबा म्हणजे शेवटच्या मोठ्या पुराचं काम जिथे थांबलं ती जागा. तिथला ओसाडपणा, गढूळ पाणी, सरळसोट कडे या सगळ्याचा संबंध या एका गोष्टीशी लागतो, म्हणून ती आधीच सांगून ठेवली.

आता पाणी. डेट्टिफॉसचं पाणी तिथल्या पावसाचं जवळपास नाहीच. ते योकुल्साउ आ फ्योल्लुम या २०६ किलोमीटर लांबीच्या नदीचं आहे, आणि ती नदी धबधब्याच्या दक्षिणेला, नदीच्या वाटेने दीडशे किलोमीटरहून दूर, वात्नायोकुल या हिमटोपीच्या, म्हणजे डोंगर-दऱ्या झाकून बसलेल्या बर्फाच्या जाड थराच्या, उत्तर काठाखालून निघते. ही हिमटोपी सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर पसरलेली आहे आणि बर्फाची जाडी काही ठिकाणी ९०० मीटरच्या आसपास जाते. अटलांटिकवरून येणारे ओले वारे तिच्या दक्षिण अंगाला आदळतात, तिथेच बर्फ होऊन रिते होतात आणि उत्तरेला कोरडे उतरतात. महाबळेश्वर भिजून चिंब आणि पलीकडे माण-खटाव कोरडा, हे आपण बघतोच. पर्जन्यछायेचं तेच गणित इथे बर्फाच्या डोंगरावर चालतं. म्हणजे डेट्टिफॉसवर कोसळणारं पाणी कधीकाळी दुसरीकडे हिम म्हणून पडलेलं, बर्फ होऊन साचून राहिलेलं आणि आता वितळून निघालेलं आहे.

म्हणूनच या नदीचा वर्षाचा ताल पावसावर नाही, उन्हावर चालतो. थंडीत पाणी उतरतं. जुलै-ऑगस्टमध्ये, हिमटोपीवर ऊन तापलं की चढतं. धबधब्याशी सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे १९० घनमीटर धरतात, उन्हाळ्यात तो दुपटीच्या वर जातो. पात्र जवळपास १०० मीटर रुंद, उडी ४४-४५ मीटरची. "युरोपातला सर्वांत शक्तिशाली धबधबा" हे विशेषण तुम्ही वाचलं असेल. आकडेमोड करून बघा: सरासरी प्रवाह गुणिले उंची गुणिले गुरुत्वाकर्षण, उत्तर ८० मेगावॅटच्या थोडं वर येतं. स्वित्झर्लंडमधल्या राइन धबधब्याची उंची याच्या निम्मी, पण पाणी जवळपास दुप्पट, त्यामुळे तिथेही उत्तर तेवढंच येतं. पहिला नंबर कुणाचा यावर वाद घालण्यात मला रस नाही. पण राइनच्या काठावर गाव आहे, हॉटेलं आहेत, झाडी आहे. इथे तेवढीच ताकद पूर्ण मोकळ्या, निर्मनुष्य पठारावर कोसळते. परिणाम फार वेगळा होतो.

गढूळपणाचं कारणही हिमटोपीच. जाड बर्फ स्वतःच्या वजनाने हळूहळू सरकतो, तळाशी अडकलेले दगड खालच्या बेसॉल्टवर घासले जातात आणि त्याचं बारीक पीठ होतं. वितळलेलं पाणी ते पीठ घेऊन बाहेर पडतं. कण इतके सूक्ष्म असतात की वाहत्या पाण्यात ते खाली बसतच नाहीत. एका बाटलीत हे पाणी भरून गाडीत ठेवा. सकाळी तळाशी करडा थर बसलेला असतो, तरी वरचं पाणी पूर्ण निवळलेलं नसतं. हा गाळ बोटांत चोळला तर चिखलासारखाच गुळगुळीत लागतो. पण चिमूटभर दाताखाली धरला की कचकचतो. तो मातीचा चिखल नाही, दळलेला दगड आहे, हे ओळखायची आमची क्षेत्रकार्यातली जुनी रीत हीच. मातीचा चिखल, म्हणजे दगड कुजून झालेली चिकणमाती, दाताखाली मऊ लागते. आइसलँडमध्ये दगडाला कुजायला पुरेसा वेळही मिळालेला नाही आणि ऊबही.

इथून ओसाडपणाकडे येऊ. लोक समजतात पाणी नाही म्हणून झाडं नाहीत. पण पाणी असूनही ते वर टिकत नाही, ही खरी अडचण आहे. डेट्टिफॉसच्या नैर्ऋत्येला ओदाउदाह्रोइन हे लाव्हाचं वाळवंट हजारो चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. ताजा लाव्हा भेगांनी आणि पोकळ्यांनी भरलेला असतो. त्यावर पडलेला पाऊस, वितळलेला बर्फ सरळ आत उतरतो. शेकडो चौरस किलोमीटर पालथे घाला, ओढा लागत नाही. हिमनदीच्या नद्या मात्र पृष्ठभागावर टिकतात, कारण त्यांच्या गाळानेच पात्रातल्या भेगा बुजतात. तेव्हा गढूळ पाणी ही या नदीची खोड नाही. त्या गाळामुळेच ती या भुकेल्या दगडावरून समुद्रापर्यंत पोचते.

आत मुरलेलं पाणी कुठे जातं हे बघायचं असेल तर धबधब्याच्या खालच्या अंगाला, घळईच्या पश्चिम काठावरच्या होल्माटुंगुर या जागी जा. तिथे लाव्हाच्या थरांमधून काचेसारखे स्वच्छ झरे फुटतात, लगेच त्यांचे ओढे होतात आणि थोड्याच अंतरावर करड्या नदीत पडतात. झऱ्यांभोवती हिरवंगार, फुलं, झुडपं. वरच्या वाळवंटापासून हे अंतर पायी जाण्याजोगं आहे. मी विद्यार्थ्यांना आधी वरचं कोरडं पठार दाखवतो आणि मग इथे आणतो. पाणी जमिनीखालून येतं हे मग सांगावं लागत नाही.

राखेचाही वाटा आहे. आस्क्या ज्वालामुखीचा १८७५ सालचा उद्रेक पूर्व आइसलँडभर फिकट प्यूमिस, म्हणजे हलका सच्छिद्र ज्वालामुखी दगड, आणि राख टाकून गेला. गुरं-मेंढ्या मेल्या, शेतं राखेखाली गेली आणि अनेक कुटुंबांनी उत्तर अमेरिकेची वाट धरली. सैल राख पाणी धरत नाही आणि वाऱ्यावर उडत राहते. त्यात माणसाचाही हात आहेच: नवव्या शतकात वस्ती झाली तेव्हा देशाचा चांगला मोठा भाग बर्च झाडांनी झाकलेला होता, तोड आणि मेंढ्यांची चराई यांनी तो गेला आणि उघडी पडलेली माती वाऱ्याने नेली. आस्क्याच्या परिसरातच १९६५ आणि १९६७ मध्ये अपोलो मोहिमेच्या अंतराळवीरांना भूविज्ञानाच्या प्रशिक्षणासाठी नेलं होतं. चंद्रावर काय दिसेल याची तयारी करायला याहून बरी जागा शोधणं कठीण होतं.

आता घळईबद्दल, कारण माझ्या मते डेट्टिफॉसचं खरं मोल तिथे आहे. धबधब्यापासून खाली योकुल्सारग्ल्यूफुर ही घळई सुमारे २५ किलोमीटर जाते, रुंदी काही ठिकाणी अर्धा किलोमीटर, खोली १०० मीटरच्या वर. डेट्टिफॉस तिच्यातला एकटा धबधबा नाही. वर सेल्फॉस, सुमारे १० मीटरचा. खाली हाफ्रागिल्सफॉस, २७ मीटरचा. तिन्ही मिळून एकच जिना आहे, आणि प्रत्येक पायरी आपल्या जागेवरून उगमाच्या दिशेने मागे सरकत आलेली आहे.

पायरी मागे कशी सरकते, हे दगडाच्या बांध्यात लिहिलेलं आहे. लाव्हाचा जाड थर थंड होताना आकसतो. आकसला की तडे जातात, आणि थंडी वरून आणि खालून आत शिरत जाते तसतसे तडेही टप्प्याटप्प्याने आत सरकतात. त्यातून पाच-सहा बाजूंचे उभे स्तंभ तयार होतात. सेल्फॉसच्या काठावर एखाद्या स्तंभाशी वाकून बघा: त्याच्या अंगावर बोटा-दोन बोटांच्या आडव्या पट्ट्या दिसतील. प्रत्येक पट्टी म्हणजे तड्याने एका झटक्यात कापलेलं अंतर. स्तंभ आपापसात चिकटलेले नसतात, नुसते दाटीने उभे असतात. मधल्या सांध्यांत पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठून सांधा रुंदावतं. तरीही रोजचं पाणी स्तंभाला हलवू शकत नाही. ते त्याच्या डोक्यावरून निघून जातं. पाण्याची खोली एका मर्यादेच्या वर गेली तरच त्याचा जोर कड्याच्या तोंडाशी उभ्या स्तंभाला बुडापासून कलवतो आणि उलथून खाली टाकतो. एक पडला की मागचा उघडा पडतो. मग रांगच्या रांग जाते.

एवढी खोली आणायला लागतो महापूर, आणि तो आणणारं यंत्र नदीच्या उगमाशीच बसलेलं आहे. वात्नायोकुलच्या बर्फाखाली जागृत ज्वालामुखी आहेत: बाउर्दारबुंगा, क्वेर्कफ्योल, ग्रिम्सवोत्न. बर्फाखाली उद्रेक झाला की प्रचंड पाणी वितळतं, बर्फाखाली कोंडतं आणि एकदम फुटून निघतं. या नदीतल्या सर्वांत मोठ्या प्राचीन पुरांचे अंदाज सेकंदाला दोन लाखांपासून नऊ लाख घनमीटरपर्यंत आहेत. अ‍ॅमेझॉनचा मुखाशी सरासरी प्रवाह साधारण दोन लाख असतो, यावरून कल्पना करा.

हे पूर कधी आले, हे दगडावरूनच मोजता येतं. पुराने खरवडलेला ताजा पृष्ठभाग उघडा पडला की त्यावर अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा मारा सुरू होतो आणि खनिजांत हेलियम-३, म्हणजे हेलियम वायूचा एक हलका प्रकार, साचत जातो. किती साचला त्यावरून पृष्ठभाग कधी उघडा पडला ते कळतं. या घळईवर असं काम करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तीन काळ दाखवले: सुमारे ९,०००, ५,००० आणि २,००० वर्षांपूर्वीचे. प्रत्येक वेळी पायऱ्या दोन-दोन किलोमीटरहून जास्त मागे गेल्या. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष पुढचा आहे. शेवटच्या महापुरानंतरच्या दोन हजार वर्षांत, एवढं गाळाने भरलेलं पाणी रोज वाहूनही, कडे उभेच्या उभे राहिले आहेत. रोजच्या घासण्याचं काम चाललं असतं तर पायरीची धार गोल झाली असती, उतार पसरट झाला असता. तसं दिसत नाही. दगडाच्या दृष्टीने डेट्टिफॉस आज जवळजवळ विश्रांतीत आहे.

खाली आउस्बिर्गीला हेच पुन्हा, आणि जास्त ठळकपणे, दिसतं. साडेतीन किलोमीटर लांब, एक किलोमीटरहून रुंद, घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी, शंभर मीटरपर्यंतचे कडे, आणि आत नदीच नाही! एक लहानसं तळं आणि बर्चचं दाट रान. नॉर्स लोककथेत ओदिन देवाच्या आठ पायांच्या घोड्याने इथे टाप टेकवली. भूविज्ञानाच्या हिशेबात हे एका प्राचीन महापुराच्या धबधब्याचं रिकामं ठाणं आहे. नदीने नंतर पूर्वेला दुसरी वाट धरली. वाऱ्याचा आडोसा आणि पाणी मिळालं की याच मातीत रान उभं राहतं, हेही इथेच कळतं.

महापूर ही केवळ प्राचीन गोष्ट नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये बाउर्दारबुंगाखाली भूकंपांची मालिका सुरू झाली तेव्हा बर्फाखाली उद्रेक होऊन या नदीला पूर येईल या धास्तीने डेट्टिफॉसचा परिसर रिकामा केला होता. सुदैवाने लाव्हा बर्फाच्या बाहेर, होलुह्रोइनला, फुटला. फेब्रुवारी २०१५ पर्यंत तो वाहिला, सुमारे ८४ चौरस किलोमीटर झाकले गेले, आणि त्याची जीभ याच नदीच्या पात्रात शिरून वाफेचे लोट उठले.

आपल्याकडे असा धबधबा का नाही? दगड तर सख्खा भाऊ आहे. स्तंभ आपल्याकडेही आहेत: अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघा, पन्हाळ्याजवळचं बांदिवडे बघा. पण आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या पोकळ्या झिओलाइट खनिजांनी आणि मातीने कधीच भरून गेल्या, वरचा दगड कुजून जमीन झाली. पाणी त्यामुळे वरच राहतं आणि हजारो ओढ्यांत वाटलं जातं. दुसरं, सह्याद्रीचा जलविभाजक, म्हणजे पाणी पूर्वेला जाणार की पश्चिमेला हे ठरवणारी रेषा, अगदी कड्याच्या काठावर आहे. कृष्णा, भीमा, गोदावरी काठाशी जन्मतात आणि पाठ फिरवून पूर्वेला संथ उताराने जातात. कोकणाकडे उडी घेणाऱ्या धारांच्या वाट्याला चार-दोन चौरस किलोमीटरचं पाणी येतं. म्हणून आपले धबधबे उंचीला डेट्टिफॉसच्या कितीतरी पट, पण पाण्याने बारीक आणि दिवाळीपर्यंतचे. उशाशी बर्फ नाही, म्हणून उन्हाळ्यात तर त्यांचा मागमूसही नसतो.

तरी घासण्याचं काम आपल्या बेसॉल्टवर फार सुंदर झालेलं आहे. पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडीचे रांजणखळगे पाहिले नसतील तर आधी ते बघा. तिथे पुराच्या पाण्यात गोटे गरगर फिरून एकसंध दगडात खळगे पडले. डेट्टिफॉसला स्तंभ उलथून पडले. दोन्ही ठिकाणी बेसॉल्ट आणि पाणीच, पण दगडाचे सांधे किती मोकळे आहेत आणि पाणी किती खोल चढतं, यावर काम कसं होणार ते ठरतं. हे दोन्ही पाहिलेल्या माणसाला मग सह्याद्रीची कुठलीही नदी वेगळी दिसते.

या नदीवर वीजप्रकल्प व्हावा असे आराखडे एकेकाळी होते. शेजारच्या योकुल्साउ आ दाल नदीवर काराह्न्युकारचा ६९० मेगावॅटचा प्रकल्प झाला, त्याची वीज अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याला जाते. ही नदी मात्र वाचली. डेट्टिफॉस २००८ पासून वात्नायोकुल राष्ट्रीय उद्यानात आहे आणि २०१९ मध्ये उद्यान जागतिक वारसा यादीत गेलं. ती वाचली याचा मला मनापासून आनंद आहे. धरण झालं असतं तर धबधबा उन्हाळ्यात ठरावीक तास "सोडावा" लागला असता, आणि उगमापासून समुद्रापर्यंत मोकळी वाहणारी एवढी मोठी हिमनदीची नदी युरोपात फार उरलेली नाही.

राहिला बाजूचा प्रश्न. आई-वडील सोबत आहेत तर पश्चिम बाजू घ्या. ८६२ क्रमांकाचा रस्ता डांबरी आहे, वाहनतळापासून साधारण किलोमीटरभर दगडांतून चालायचं आणि पुढे बघायला बांधलेले सज्जे आहेत. तुषार बहुतेक वेळा याच काठावर येतात, तेव्हा जूनअखेरीसही वारा-पाऊस अडवणारं जाकीट आणि घट्ट पकड घेणारे बूट हवेतच. तुषारात तेच दगडाचं पीठ असतं: चष्म्यावर आणि लेन्सवर वाळलं की करडे ठिपके राहतात, कोरडं पुसलं तर ओरखडे पडतात. आधी स्वच्छ पाण्याने धुवा, मग पुसा. अंगात बळ असेल तर तिथूनच वर सेल्फॉसपर्यंत चालत जा, स्तंभ बघायला तीच जागा.

पूर्वेचा ८६४ खडीचा, हादरे देणारा रस्ता आहे आणि हिवाळ्यात बंद असतो. पण तिकडून धबधब्याच्या अगदी काठाशी जाता येतं आणि हाफ्रागिल्सफॉस वरून सर्वांत छान दिसतो. तिथे घळईने ज्वालामुखीच्या विवरांची एक रांग मधोमध कापली आहे, आणि ज्या भेगेतून लाव्हा वर आला ती भेग कड्यात उभी दिसते. भूविज्ञानाची आवड असेल तर हे एक दृश्य खडीचा त्रास वसूल करतं. काठाला कठडा नाही, ओला दगड निसरडा आहे, त्यामुळे वडीलधाऱ्यांना तिकडे काठापर्यंत नेऊ नका. दोन्ही बाजू एकाच दिवशी करायच्या तर लक्षात ठेवा, धबधब्यापाशी पूल नाही. दक्षिणेला मुख्य चक्रमार्गावरून किंवा उत्तरेला समुद्राजवळून वळसा घ्यावा लागतो. निघण्यापूर्वी रस्ते खात्याच्या संकेतस्थळावर ८६४ उघडा आहे का ते बघा, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात खडीने होणारं नुकसान धरलेलं आहे याची खात्री करून घ्या.